दोष क्रमांक ११८७

४ मार्च, बुधवार

पत्र आलं. खरं तर ईमेल, पण मी ते छापून घेतलं आणि या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं, म्हणून पत्रच म्हणतो.

येत्या सप्टेंबरात 'लांडगेकाठ' हा संगणकावरचा खेळ पंचवीस वर्षांचा होतोय. ज्या जर्मन मंडळींकडे खेळाचे हक्क आहेत ती नवी आवृत्ती काढणार आहेत, आणि माझी बारावी दुरुस्त आवृत्ती त्यांना त्यात मूळ खेळाचा भाग म्हणून घालायची आहे. श्रेयनामावलीत नाव येणार: इरेनेउष पित्लिक, तार्नोव्स्के गूरी. गावाचं नाव मी मुद्दाम घालायला सांगणार आहे. विद्यापीठाचं नाव घालायला माझ्यापाशी विद्यापीठ नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. वय छप्पन्न. प्रोग्रामिंग मला कुणी शिकवलेलं नाही. किऑस्कवर मासिकासोबत मिळालेली 'लांडगेकाठ'ची तबकडी मी घरी आणली, आणि त्यातल्या मिठाच्या पुलावर खेळ जतन केला की तो कोलमडायचा. दर वेळी. दुसऱ्याने शिव्या घातल्या असत्या. मी जर्मन शब्दकोश आणला, खेळाच्या फायली उघडल्या आणि सात आठवड्यांनी तो पूल धड केला. तेव्हापासून बावीस वर्षं दर हिवाळ्यात हेच काम. लांडगेकाठात दोनशे चौदा माणसं राहतात. प्रत्येकाला उठायची, जेवायची, कामाची, झोपायची वेळ आहे. खेळणारा एक परका म्हणून त्या खोऱ्यात उतरतो, आणि हळूहळू ही दोनशे चौदा माणसं त्याला ओळखू लागतात. एवढाच खेळ. आजचे खेळ शंभरपट देखणे आहेत, पण त्यांतला लोहार तुमची पाठ वळली की हवेत हातोडा मारत उभा राहतो. आमचा लोहार घरी जातो.

दोषांची यादी आजच्या तारखेला १,४१२ ओळींची. सगळे दुरुस्त.

बायकोला, बोझेनाला, पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "पैसे देणारेत का?"

"नाव देणारेत."

"मग तुझी फी मिळाली. सूप गार होतंय."


८ मार्च, रविवार

महिला दिन. बोझेनाला ट्यूलिप आणले, पाच. (गेल्या वर्षी सहा आणले होते आणि समसंख्या फक्त मयताला नेतात हे फुलवालीने सांगितलं नव्हतं.) किंगाला फोन केला. आमची मुलगी, तीस वर्षांची, ग्दिनिया बंदरात जहाजांवरचे कंटेनर कुठे चढवायचे याचे आराखडे करते. अचूकपणा माझ्याकडून गेलेला.

पत्राचं ऐकून ती खूश झाली. "बाबा, तू म्हणजे ना! मी ऑफिसात सगळ्यांना सांगणार." मग मी तिला बाराव्या आवृत्तीतल्या मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या. दरोडेखोरांच्या गुहेतलं दार. चंद्राची दिशा. आणि ११८७: नावाडी ओस्विन. हा म्हातारा दिवसभर धक्क्यावर असतो, दोन नाण्यांत माणसं नदीपार नेतो, आणि अंधार पडायला लागला की नाव सोडून चालायला लागतो. टोलनाका, पूल, जंगल ओलांडून पलीकडच्या कोळसेवाल्यांच्या शेकोटीपाशी ओंडक्यावर जाऊन बसतो. तिथे त्याचं काहीही काम नाही. एकच वाक्य म्हणतो: "आज नदी शांत आहे." पहाटे परत. परिणामी पंचवीस वर्षं कुणालाही रात्री नावेने नदी ओलांडता आलेली नाही. उघड दोष. आता तो रात्री आपल्या झोपडीत झोपतो आणि दार वाजवलं की उठून नाव काढतो.

किंगा म्हणाली, "म्हणजे शेकोटीवर आता येणारच नाही?"

"येण्याचं कारणच नाही ना."

"बरं," म्हणाली, आणि तिला बाहेर जायचं होतं म्हणून फोन ठेवला. बंदरावर वारा फार असतो, तिचा आवाज मध्येच खोल गेल्यासारखा येत होता. नेटवर्क.


१९ मार्च, गुरुवार

जर्मनीतून उत्तर. श्रीमती हाने रोडे म्हणून या आवृत्तीचं काम बघतात. १,४१२ पैकी १,४११ ओळी मान्य. कौतुक भरपूर, 'असं काम आमच्या पगारी माणसांनीही केलं नसतं' असं एक वाक्य आहे, ते मी अधोरेखित केलं. आणि मग: ११८७ कृपया काढून टाकावी, ओस्विन होता तसा ठेवावा.

कारण दिलेलं नाही. 'होता तसा.' मी लिफ्ट तपासून सही करतो तेव्हा १,४११ बोल्ट घट्ट आणि एक 'होता तसा' असं लिहीत नाही.

उत्तर पाठवलं, तीन ओळींचं. दुरुस्ती घ्यायची तर अखंड घ्या. नाही तर माझ्या नावाशिवाय काढा.

तीस ऑगस्टपर्यंत विचार करा, असं त्यांचं संध्याकाळी उत्तर. विचार मला करायचा नाही.


२२ मार्च, रविवार

रोलाडा म्हणजे मांसाच्या गुंडाळ्या, मध्ये खळगा असलेले बटाट्याचे गोळे, लाल कोबी. आमच्याकडे रविवारी दुसरं काही शिजत नाही आणि शिजूही नये. पण जेवण गोड लागलं नाही.

"बावीस वर्षं घातलीस," बोझेना म्हणाली, "आणि एका म्हाताऱ्यापायी लाथ मारतोस?"

"म्हाताऱ्याचा प्रश्न नाही. चूक ती चूक."

"कुणाचं काय बिघडवत होता तो? शेकोटीवर बसायचा बिचारा."

"तुला काय माहीत कुठे बसायचा? तू कधी खेळली आहेस का?"

"मी नाही. तुझी पोरगी खेळायची. तुझ्या त्या मशीनवर, याच टेबलाशी. तू कुठे तरी लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढत असायचास, आणि ही त्या म्हाताऱ्याशेजारी बसलेली. मी म्हणायची, झोप गं. म्हणायची, ओस्विन आलाय, बाबा पण येईल." मग गोळे वाढताना म्हणाली, "दोन वर्षं रोज."

बोझेनाला वाढवून सांगायची सवय आहे. रोज नाही. तातडीची पाळी आठवड्यातून फार तर चार संध्याकाळी असायची, आणि ती एकोणीस महिने होती. माझ्याकडे पाळ्यांच्या जुन्या वह्या आहेत, मी पाहून खात्री केली.


११ एप्रिल, शनिवार

यादी मी आमच्या खेळाडूंच्या ऑनलाइन मंचावर टाकली होती. बाकी १,४११ ओळींवर कुणी चकार शब्द काढला नाही. ११८७ वर सहाशे प्रतिक्रिया. मंच चालवणारी लिलियाना, सगळे तिला लिलका म्हणतात, हिने कौल घेतला: ओस्विन शेकोटीवर यावा का? हो, १,९०६. नाही, ४१. त्या एकेचाळिसांतला एक मी.

काही नमुने, पुराव्यादाखल:

"उस्ताद, लांडग्यांना कायदा शिकवलात, चंद्राला दिशा दाखवलीत, आता नदीला पण सरळ वाहायला लावा."

"माझ्या घटस्फोटाच्या वर्षी त्या ओंडक्यावर मी जेवढा बसलो तेवढा कुठल्या डॉक्टरपुढे बसलो नाही."

"त्याचा मुलगा कोळसेवाल्यांकडे होता, मेला, म्हणून जातो तो. इतकं कळत नाही?"

याला मी उत्तर दिलं. खेळाच्या एकाही फायलीत ओस्विनला मुलगा नाही. मी सगळ्या वाचल्या आहेत. त्यावर वाल्देक, ट्रक चालवतो, पहिल्या आवृत्तीपासूनचा माझा तपासनीस, भला माणूस, त्याने लिहिलं: "इरेक, फायलीत तर तूही नाहीस."

याचा अर्थ मला लागला नाही. याला बाराशे लोकांनी पसंती दिली.


१८ एप्रिल, शनिवार

सापडलं!

कोळसेवाले तीन. तिसऱ्या कोळसेवाल्याचं वेळापत्रक आणि ओस्विनचं वेळापत्रक शेजारी शेजारी छापून लावलं. तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंतची ओळ दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखी. इतकंच नाही: त्या ओळीच्या शेवटी एक फाजील रिकामी जागा आहे, जी खेळाच्या दुसऱ्या कुठल्याच वेळापत्रकात नाही. दोन्हीकडे आहे. म्हणजे कुणीतरी कोळसेवाल्याची ओळ उचलून ओस्विनला चिकटवली आणि बदलायची विसरला. मुलगा नाही, दुःख नाही, काही नाही. नकलेतली चूक.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा खेळणाऱ्यांचा मेळावा आहे. तिथे पडद्यावर दाखवणार. बोझेनाने विचारलं, "आणि मग?" मी म्हणालो, मग सिद्ध होईल.


२ मे, शनिवार

मेळाव्याहून आत्ताच आलो. हात धुऊन लगेच लिहितोय, तपशील निसटू नयेत.

जागा नेहमीचीच, चुनखाणीपलीकडच्या गावातलं स्वयंसेवी अग्निशमन दलाचं सभागृह. बंब बाहेर काढून आत बाकं मांडलेली. दोनशे दहा माणसं. पहिल्या मेळाव्याला आम्ही नऊ होतो. आता लोक पोरंबाळं घेऊन येतात. एका माणसाने आपल्या मुलीला माझ्यापाशी आणून सांगितलं, "हे बघ, हे ते काका, ज्यांनी पूल दुरुस्त केला." मुलीने मला निरखून बघितलं. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

बाहेर सॉसेज भाजले जात होते. वाल्देकने माझ्या हातात एक दिलं आणि म्हणाला, "खाऊन घे. मारायचंच झालं तर भरल्या पोटी मारू."

दोन वाजता मी बोलायला उभा राहिलो. चादरीच्या पडद्यावर दोन्ही वेळापत्रकं, फाजील रिकामी जागा लाल वर्तुळात. अकरा मिनिटं बोललो. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही पंचवीस वर्षं एका चुकीवर प्रेम केलंत." हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं. बाहेर सॉसेजची चरबी निखाऱ्यावर पडलेली ऐकू आली.

मग मागच्या बाकावरून एक उंच, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ उठला. त्याच्या शेजारी बसलेली लिलका पण उठली. तिने त्याला गुपचूप बोलावलं होतं, मला त्याचा पत्ता नव्हता. डेटलेफ क्वास्ट. लांडगेकाठातल्या दोनशे चौदा माणसांची वेळापत्रकं ज्याने एकट्याने लिहिली तो. मी ज्याचं अक्षर बावीस वर्षं ओळखतो तो माणूस. तो जर्मनमध्ये बोलत होता, लिलका भाषांतर करत होती. मला भाषांतराची गरज नव्हती.

"श्री. पित्लिक बरोबर आहेत," तो म्हणाला. "चूक माझी. कोळसेवाल्याची ओळ चिकटवली आणि जेवायला गेलो."

मी चादरीकडे हात केला. खरं सांगतो, आयुष्यात इतका ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो.

"आठवड्याभरात ती सापडली," क्वास्ट पुढे म्हणाला. "मी सुधारायला बसलो, तर तपासणारी पोरं आली. आमच्याकडे सहा होती. म्हणाली, राहू दे. दिवसभर दोष शोधून झाले की घरी जाण्याआधी ती सगळी त्या शेकोटीवर जाऊन बसायची. काम म्हणून नाही. म्हातारा येईपर्यंत थांबायची आणि मग मशीन बंद. मी ठेवली ती ओळ." तो माझ्याकडे वळला. "चूक करताना मी विचार केला नव्हता, श्री. पित्लिक. ठेवताना केला होता."

टाळ्या काय विचारता. मला वाटतं बंबाच्या काचा हलल्या.

नंतर तो माझ्यापाशी आला. मिठाच्या पुलाचं कसं सोडवलं विचारलं. मी सांगितलं. त्याने दोनदा सांगायला लावलं आणि म्हणाला, "हे आम्हाला पाचजणांना जमलं नव्हतं." आणि हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. हा सगळा प्रसंग मी पूर्ण आनंदात घालवायला हवा होता.

परतताना वाल्देकच्या गाडीत मी म्हणालो, "पण मी बरोबर होतो. त्याने स्वतः सांगितलं."

"होतास ना," वाल्देक म्हणाला. "मग पट्टा लाव आणि गप्प बस."


४ मे, सोमवार

दिवसभर एकच डोक्यात. लिफ्टमध्ये असं चालेल का? चौथा मजला दाबला आणि सहाव्यावर थांबली, आणि रहिवासी म्हणाले, राहू दे, आम्हाला तिथून खिडकीतलं झाड दिसतं? मी मुळीच ठेवणार नाही.

मग वाटलं, पण लिफ्टमध्ये कुणी जाऊन बसत नाही.

खोडलं नाही, राहू दे लिहिलेलं.


१७ मे, रविवार

किंगाला फोन केला. दोन महिन्यांत तिचा आला नव्हता. वसंतात बंदरात काम फार असतं. तिला क्वास्टचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिने मंचावर वाचलंय. मग मी अगदी तांत्रिक प्रश्न म्हणून विचारलं, "तू लहानपणी शेकोटीवर बसायचीस, तेव्हा नेमकं काय करायचीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? कळफलकावर?"

"काहीच दाबायचं नाही, बाबा. हात खाली. तो येईपर्यंत."

"आणि आला की?"

"मग तो म्हणायचा, आज नदी शांत आहे. मग मला झोप यायची."

मी म्हणालो, माहितीबद्दल आभारी आहे. ती हसली, का ते कळलं नाही. पण हसली.

जेवणानंतर श्रीमती रोडेंना लिहिलं. ११८७ मागे घेतो.


६ जून, शनिवार

मागे घेतो म्हणणं सोपं. ती कोळसेवाल्याची ओळ, फाजील रिकाम्या जागेसकट, परत ओस्विनला चिकटवली. तिन्हीसांज झाली, म्हातारा निघाला, टोलनाक्यापर्यंत आला आणि बंद फाटकाला नाक लावून जागच्या जागी चालत राहिला. पहाटेपर्यंत.

कारण उघड आहे. मूळ खेळात ते फाटक नुसतं चित्र होतं, माणसं आरपार जायची. चौथ्या आवृत्तीत मी ते भरीव केलं.


७ जून, रविवार

फाटकाची किल्ली ओस्विनला दिली. नदीवरचा माणूस, टोलवाल्याचा जुना ओळखीचा, त्याच्याकडे किल्ली असणं पटतं. फाटक उघडलं. पुलावर आला. सहाव्या आवृत्तीत मी पुलाची तुटलेली फळी खरोखर तुटलेली केली होती. आधी तीवरून लोक अधांतरी चालायचे. ओस्विन पाण्यात.

त्याला पोहायला येत नाही. नावाड्याला! हा नवा दोष, क्रमांक १,४१३.


२१ जून, रविवार

फळीला वळसा घालणारी वाट आखली, आठ टप्प्यांची. पूल पार. जंगलात लांडग्यांनी खाल्ला.

सातव्या आवृत्तीपर्यंत लांडगे फक्त खेळणाऱ्यावर धावायचे, रहिवाशांना बघायचेही नाहीत. मी ते नीट केलं, त्याबद्दल एका मासिकाने माझी अर्धं पान मुलाखत घेतली होती. आता ते नीट वागतात आणि ओस्विन मरतो.

बोझेना मागे उभी राहून बघत होती. "बिचारा," म्हणाली. "इतकी वर्षं कसा जात होता?"

मी बोटांवर मोजलं. फाटक, फळी, लांडगे, आणि आणखी दोन बारीक गोष्टी. ही एक चूक उभी होती ती पाच चुकांच्या खांद्यांवर, आणि मी एक एक करून पाचही खाली घेतल्या होत्या. त्याला अडवायचं मनातही नव्हतं. मी ११८७ दुरुस्त केली नसती तरी चालणारच नव्हता तो. चौथ्या आवृत्तीपासूनच पोचत नव्हता. हे लक्षात आलं आणि मी खुर्चीत जरा मागे टेकलो. म्हणजे कौल देणारे ते १,९०६ लोक, त्यांच्यापैकी किती जण माझी दुरुस्ती न घालताच खेळत होते?

वाल्देकला विचारलं. म्हणाला, "सगळे नाही रे." मग म्हणाला, "बरेच."

"तूसुद्धा?"

"तपासायला तुझी. बसायला जुनी."

चौदा वर्षं त्याने हे मला सांगितलं नव्हतं.


२३ जून, मंगळवार

काल दिवसभर हात लावला नाही. आज लावला. एखादी गोष्ट मोडून चालत असेल तर ती न मोडता चालवून दाखवणं, हे खरं काम. कुठलीही दुरुस्ती मागे घेणार नाही. फाटक भरीव, फळी तुटलेली, लांडगे लांडगे, आणि तरीही म्हातारा पोचला पाहिजे. हे क्वास्टलाही करावं लागलं नव्हतं.


१२ जुलै, रविवार

सापडला उपाय, आणि देखणा. खेळात नियम आहेच: लांडगे आगीला भितात. ओस्विनच्या हातात कंदील दिला. जंगलातून तो पिवळा ठिपका हलत हलत येताना इतका सुंदर दिसतो की मी तीनदा पाहिलं. आवृत्ती किंगाला पाठवली. सव्वा तासात फोन.

"बाबा, कंदील नको."

"का? लांडगे..."

"लांडग्यांचं काहीतरी कर. पण कंदील नको. तो दिसायचा नाही येताना. आपण आगीकडे बघत असायचो, आणि मग बघितलं तर तो असायचाच. आधी नाही, आणि मग आहे. दुरून दिसला तर काय..." थांबली. "तू पण तसाच यायचास. लिफ्टचा आवाज नाही, काही नाही. मी डोळे उघडले की तू दारात बूट काढत असायचास."

मी सांगितलं, लिफ्टचा आवाज येत नव्हता कारण आपल्या इमारतीची मोटर मी स्वतः बसवलेली होती, तशी शांत मोटर त्या काळी अख्ख्या गावात दुसरी नव्हती.

"माहितीये, बाबा," ती म्हणाली.

कंदील काढला.


९ ऑगस्ट, रविवार

लांडग्यांच्या कळपाची हद्द मोजली. ओस्विनची वाट त्या हद्दीत नेमकी बारा पावलं शिरते. हद्द हलवायची नाही, ती मूळची आहे. म्हणून वाट हलवली: ओढ्याच्या कडेने, खडकाखालून. तिथून माणूस जाऊ शकतो का, हे मी स्वतः त्याच्या मागून चालत जाऊन पाहिलं, खेळात, शंभर वेळा. मोजून शंभर. त्र्याण्णव वेळा ओस्विन पोचला. सात वेळा खडकात अडकला.

त्र्याण्णव म्हणजे नापास.


२३ ऑगस्ट, रविवार

शंभरपैकी शंभर. परत शंभर. परत शंभर.

वाल्देकला बघायला बोलावलं. तो खुर्चीत बसला, ओस्विन आला, ओंडक्यावर टेकला, वाक्य म्हणाला. मी विचारलं, "काही दोष?"

"एक," तो म्हणाला. "याच्यासोबत प्यायला काही ठेवलेलं नाहीस."

बोझेनाने बाटली आणली. वाल्देकने बारावी आवृत्ती आपल्या मशीनवर दोन्ही कामांसाठी घालायचं कबूल केलं. तपासायलाही आणि बसायलाही. हे मी त्याच्याकडून लिहून घेतलं, सहीसकट, ते पुढच्या पानात आहे.


२९ ऑगस्ट, शनिवार

एक दिवस आधी पाठवली. यादीत आता १,४१३ ओळी. श्रीमती रोडेंच्या तक्त्यात तीन रकाने असतात: दोष, दुरुस्ती, कारण. ११८७ समोर मी लिहिलं. दोष: आहे. दुरुस्ती: केलेली नाही. कारण: रिकामं.

तासाभरात उत्तर. रिकामा रकाना त्यांची यंत्रणा स्वीकारत नाही, दिलगीर आहेत, एक शब्द तरी हवा.

एक शब्द शोधत दुपार गेली. 'परंपरा' लिहिलं, खोडलं. 'मागणी' लिहिलं, खोडलं. मागणीने मी कधी काही केलेलं नाही. 'मूळ लेखकाचा निर्णय' हे खरं होतं, पण मग त्यात माझं काय? तीन महिने त्याला पोचवला मी.

शेवटी लिहिलं: 'लोक त्याची वाट पाहतात.'

श्रीमती रोडेंनी लिहिलं, मान्य. पुढे एक ओळ होती: 'मीही. त्या सहा तपासनिसांपैकी एक मी होते.'


२५ सप्टेंबर, शुक्रवार

आज आली. सुट्टी घेतली होती. बावीस वर्षांत लांडगेकाठासाठी घेतलेली पहिली. बाकी सगळं काम सांभाळून केलेलं आहे.

आधी श्रेयनामावली. माझं नाव क्वास्टच्या खाली, चौथ्या ओळीत, गावासकट. गूरीतल्या 'ऊ'वरचं चिन्हसुद्धा बरोबर. बोझेनाने मोबाइलवर फोटो काढला आणि तिच्या तिन्ही बहिणींना पाठवला. एकीने विचारलं, हा कुठला बोर्ड आहे? बोझेनाने तिला उत्तर लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण बराच वेळ टाइप करत होती.

मग मी खेळायला बसलो. हे लिहायला जरा चमत्कारिक वाटतं, पण त्या पहिल्या पुलानंतर मी हा खेळ सुरुवातीपासून कधी खेळलेलोच नव्हतो. पूल, गुहा, नाका, जिथे दोष असेल तिथे थेट उतरायचो. आज परका म्हणून खोऱ्याच्या तोंडाशी उतरलो. लोहाराने हाड हाड केलं. भाजीवालीने फसवलं. बावीस वर्षं ज्यांची वेळापत्रकं मी तोंडपाठ म्हणतो त्यांतल्या एकानेही मला ओळखलं नाही. दुपारचे तीन वाजले तेव्हा खेळात तिन्हीसांज होती, आणि मी कोळसेवाल्यांच्या शेकोटीपर्यंत पोचलो होतो.

तेवढ्यात किंगाचा फोन. तिनेही सुट्टी घेतली होती, सांगितलं नव्हतं. तिकडे तीही त्याच शेकोटीवर. हा खेळ एकेकट्याने खेळायचा असतो. तिचं खोरं वेगळं, माझं वेगळं.

"हात खाली ठेव, बाबा."

"ठेवलेत."

बघता बघता माझ्या डाव्या बाजूला ओंडक्यावर तो होता. येताना दिसला नाही. आज नदी शांत आहे, म्हणाला.

"तुझा आला?" किंगाने विचारलं. तिला ऐकू गेलं असावं.

"आला."

"माझा अजून नाही."

तिचं मशीन जुनं आहे, त्यावर खडकाखालच्या वळणाला त्याला साधारण चार मिनिटं जास्त लागणार. का लागणार ते मला नेमकं माहीत आहे. मी सांगितलं नाही.

"येईल," म्हणालो.

"फोन ठेवू नकोस हं."

मी ठेवला नाही.